कार्डवाल्या बाई आणि बँकेचं बोलावणं

"बघा तर खरं. बघायला पैसे पडत नाहीत," असं म्हणून त्या टॅब आपल्याकडे वळवायच्या आणि स्वतः दुसरीकडे बघायच्या. हे दुसरीकडे बघणं महत्त्वाचं. क्रेडिट कार्ड विकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं बोट स्क्रीनवर कुठे जातंय, याच्यावर त्यांचे डोळे चिकटलेले असतात. या बाई मात्र काचेतून बाहेरची रिक्षांची रांग बघत बसायच्या, जणू आपण कपडे बदलतोय.

बोरिवली पश्चिमेला आमच्या घरापासून सात मिनिटांवर एक मोठं दुकान आहे. डाळीपासून बादलीपर्यंत सगळं मिळतं. त्याच्या दारातच, ट्रॉल्यांची रांग आणि आट्याच्या पोत्यांचा ढीग यांच्यामध्ये त्यांचं घडीचं टेबल असायचं. त्यांना एक खुर्ची, गिऱ्हाइकाला एक स्टूल. वय चाळीसच्या आसपास. गळ्यात ओळखपत्र, पण ते कायम उलटं फिरलेलं. मी बावन्न वर्षांचा, तरी पहिल्या दिवसापासून मला 'काका' म्हणायच्या. ते मला आवडायचं नाही, पण दुकानात 'काका' म्हटल्यावर पाच जण वळून बघतात, त्यात आपण एक, असं मी मनाला समजावलं.

मी एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. आयुष्यात कोणाचा एक रुपया उसना घेतलेला नाही. घर घेतलं ते वडिलांच्या आणि माझ्या साठवणीतून, फ्रिज रोखीने, स्कूटर रोखीने. हे मी त्यांना पहिल्याच रविवारी अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे देवा."

"देवा कशाला?"

"काका, बँक तुम्हाला ओळखतच नसणार. बघा तर खरं."

मी पॅन नंबर भरला, मोबाइलवर आलेला आकडा टाकला. स्क्रीनवर एक चक्र फिरलं आणि खाली आलं : 'तुमच्यासाठी खास.' कार्डाची फी चारशे नव्व्याण्णव, आणि स्वागत भेट म्हणून पाचशेचं व्हाउचर. मी जागच्या जागी हिशेब केला. फीवर अठरा टक्के जीएसटी धरला की पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपये ब्याऐंशी पैसे. म्हणजे माझं खास स्वागत करून घ्यायला मीच अठ्ठ्याऐंशी रुपये ब्याऐंशी पैसे द्यायचे.

"पैशांपर्यंत?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही माझ्या टेबलवर पाहिजे होतात."

मग बायकोने कुतूहल म्हणून तिची माहिती भरली. तिला पहिलं वर्ष फुकट, आणि पंचेचाळीस दिवसांत पाच हजार खर्च केले तर हजाराचं व्हाउचर. बायकोने मोबाइल आणि मिक्सर माझा विरोध डावलून हप्त्यावर घेतले होते आणि प्रत्येक हप्ता वेळेवर भरला होता. बँकेने ते सगळं पाहिलं होतं. माझं काहीच पाहिलं नव्हतं, कारण पाहण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "जगात माझी पत आहे. तुमची नुसती शिस्त आहे."

त्या बाई इतक्या हसल्या, की आट्याच्या पोत्यांमागून सेक्युरिटीवाला डोकावला.

त्यांचं घर गोराईत. सकाळी बोटीने खाडी ओलांडून यायच्या. आई मासळी विकायची. लहानपणी त्या आईच्या टोपलीशेजारी बसायच्या, आणि बँकेचा हा सगळा कारभार त्यांनी मला त्या टोपलीवरूनच समजावून दिला.

"आई चेहरा बघून भाव सांगायची. बंगल्यातली बाई आली की वेगळा, रोजची असली की वेगळा, नवीन लग्न झालेली असली की अजून वेगळा. बँक पण तेच करते. फक्त तिला चेहरा दिसत नाही, म्हणून ती तुमचे हप्ते बघते, पगार बघते, पत्ता बघते, आधीची कार्डं बघते. आणि मग ज्याला जेवढ्यात गळ लागेल, तेवढं आमिष लावते."

"म्हणजे लबाडीच की."

"लबाडी कशी? कोणावर जबरदस्ती आहे? नाही आवडलं तर उठा. आज नाही तर दोन महिन्यांनी या, बँकेला गिऱ्हाईक कमी पडलं की ऑफर वाढते. बँकेच्या अ‍ॅपवर बघा, तिथे कधी कधी वेगळीच दिसते. फरक एवढाच, की आईला बायका तोंडावर विचारायच्या, 'मलाच का गं जास्त?' बँकेला विचारून दाखवा."

हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी खरोखर करून दाखवलं. ते भाडेकरूच्या मोबाइलवरच्या ऑफरचा फोटो घेऊन टेबलापाशी आले. भाडेकरूला दीड हजाराचं व्हाउचर, यांना अडीचशेचं.

"हे काय चाललंय? मी घरमालक आहे! मला पण दीड हजारच पाहिजे!"

"सर, ही पाकिटावरची छापील किंमत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ही तुमची तुमची असते."

"मी सेक्रेटरी आहे, नऊ वर्षं!"

"ते बँकेला कळवायला पाहिजे होतं, सर. फॉर्ममध्ये रकाना नाही."

दुसऱ्या कोणी असत्या तर त्यांनी सेक्रेटरींच्या त्या रागाच्या भरात अर्ज भरून घेतला असता. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, की आत्ता नुसतं बघितलंय, त्याची कुठे नोंद नाही. 'स्वीकारा' दाबलं की मात्र बँक रीतसर चौकशी करते आणि ती चौकशी नोंदली जाते. "रागारागाने चार बँकांत अर्ज केलात, तर पाचवी म्हणेल, या माणसाला एवढी घाई कसली? घरी जाऊन जेवा." सेक्रेटरी घरी जाऊन जेवले.

एका रविवारी मी सहज विचारलं, "मॅडम, तुमच्या स्वतःकडे कुठलं कार्ड आहे?"

त्या टेबलावरचं निळं कापड सारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला येतच नाही ना."

"काय येत नाही?"

त्यांनी स्वतःचा नंबर भरून दाखवला. चक्र फिरलं. 'सध्या आपल्यासाठी कोणतीही ऑफर उपलब्ध नाही.' प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, त्या एकदा बघायच्या. चार वर्षं हेच वाक्य. पगार नाही, कार्डामागे कमिशन. एका महिन्यात चाळीस कार्डं, एका महिन्यात सहा. मोबाइल रोखीने घेतलेला, माझ्यासारखाच.

मी लगेच उपाय सांगितला. बँकेत मुदत ठेव ठेवायची, तिच्या तारणावर कार्ड मिळतं. कोणालाही मिळतं.

"मला माहीत नाही का? मीच विकते ते." त्यांचा आवाज जरा चढला. "माझेच पैसे ठेवून माझंच कार्ड. ते म्हणजे आपल्याच घरी आपणच पाहुणे. मला नको. रोज तीस लोकांना सांगते, तुमच्यासाठी खास, तुमच्यासाठी खास. एकदा मला पण कोणीतरी सांगू दे ना."

मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोलावणं आलं पाहिजे, काका. हट्ट आहे समजा."

या हट्टापुढे माझं गणित चालेना. पण कागदपत्रांत मला गती आहे. मी विचारलं, रिटर्न भरता का? नाही म्हणाल्या. कमिशनवर दर वेळी कर कापला जात होता आणि त्या तो परतही मागत नव्हत्या! मला रात्री झोप लागली नसती. पुढच्या रविवारी त्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या आणि मी त्याच टेबलावर, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, त्यांचं रिटर्न भरलं. लोक मला नवीन कार्डवाला समजून फी विचारायचे. परतावा आला तेव्हा बाईंनी सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी आणली, की आमच्या लिफ्टमध्ये दोन दिवस तिचीच चर्चा होती.

बायकोने दुसरं काम केलं. "ताई, ह्यांचं ऐकून रोखीने काही घेऊ नका," असं बजावून तिने त्यांना एक छोटं वॉशिंग मशीन हप्त्यावर घ्यायला लावलं. बारा हप्ते. दर पाच तारखेला हप्ता गेला, की बाई मला बोटं वर करून दाखवायच्या : चार झाले, पाच झाले. दुसऱ्या वर्षीचं रिटर्नही भरून झालं.

त्या काळात पहिल्या रविवारचा आमचा एक कार्यक्रमच झाला. दुकान उघडायच्या वेळेला मी पिशव्या घेऊन हजर. त्या नंबर भरायच्या, मी चक्राकडे बघायचो, त्या रिक्षांकडे.

"काय म्हणतंय?"

"उपलब्ध नाही."

"मरू दे. तुमचं काय?"

"तेच. अठ्ठ्याऐंशी रुपये ब्याऐंशी पैसे."

"तुमच्यावर बँकेचं फारच प्रेम," म्हणायच्या आणि दिवस सुरू करायच्या.

हप्ते संपल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. मी पोचलो तर त्या खुर्चीवर नव्हत्या. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर घेऊन. टॅब माझ्या दिशेला वळवलेला. वरती त्यांचं पहिलं नाव, आणि खाली 'तुमच्यासाठी खास.'

"अहो, आली की!"

"तुम्ही तिकडे बसा," त्यांनी खुर्ची दाखवली. "मला नीट सगळं सांगा. मी सांगते तसं."

मी बसलो. माझ्यासारख्या माणसाला अटी वाचायला दिल्या की काय होतं, ते आमच्या घरी विचारा. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पहिल्या वर्षी फी नाही. दुसऱ्या वर्षापासून चारशे नव्व्याण्णव अधिक कर, पण वर्षात पन्नास हजार खर्च केले तर माफ. तीस दिवसांत तीन हजार खर्च केल्यास पाचशेचं व्हाउचर, ते एकाच कपड्यांच्या दुकानात चालेल, नव्वद दिवसांत वापरावं. बिल मुदतीत पूर्ण न भरल्यास व्याज. सगळं त्यांना पाठ होतं. तरी त्या मान हलवत, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकत होत्या, आणि मध्येच अगदी गिऱ्हाइकी प्रश्न विचारत होत्या.

"पेट्रोल चालतं का तीन हजारांत?"

"नाही. इथे तारा केलाय. इंधन, भाडं वगळून."

"आणि हे सगळ्यांनाच देता, का मलाच?"

मी जरा गडबडलो. "मॅडम, ही तुमचीच आहे. दुसऱ्याला दुसरी."

मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. "कार्डाचं विचारायचं होतं," म्हणाले. बाई न वळता म्हणाल्या, "जरा थांबा हां. आत्ता मी गिऱ्हाईक आहे."

बायको भरलेली ट्रॉली घेऊन आली. "अहो, आइस्क्रीम वितळतंय!"

"शेवटची अट राहिलीये," मी म्हणालो. ती मला वाचायची नव्हती, पण वाचली. ऑफर दिसणं म्हणजे मंजुरी नव्हे. अंतिम चौकशीनंतर बँक अर्ज नाकारू शकते, कारण देण्यास बांधील नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दहातले दोन-तीन पडतात तिथे. मीच फोन करून सांगते लोकांना."

"मग थांबायचं का? अजून दोन महिन्यांनी कदाचित हजाराचं व्हाउचर येईल. तुम्हीच म्हणता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला कळलं, की आज माझा सल्ला चुकला. बायकोने मला कोपराने ढोसलं. बाईंनी ओढणीला बोट पुसलं आणि 'स्वीकारा' दाबलं. स्क्रीनवर आलं, अर्ज मिळाला, निर्णय कळवू. मागच्या गृहस्थांनी उगाचच टाळी वाजवली. त्यांना काय कळलं होतं, देव जाणे.

पुढच्या रविवारी दारात टेबल नव्हतं. त्या जागी तेलाशिवाय समोसे तळून दाखवणारं यंत्र होतं आणि एक मुलगी सगळ्यांना अर्धा समोसा देत होती. चौकशी केली तर मॅनेजर म्हणाला, कार्डवाल्या एजन्सीचं भाडं परवडेना, त्यांनी टेबल उचललं. माणसं कुठे पाठवली ते माहीत नाही. कोणी मानखुर्द म्हणालं, कोणी ठाणं. गोराईहून मानखुर्द म्हणजे रोज बोट, बस आणि दोन गाड्या. मी ते मिनिटांत मोजून पाहिलं आणि मोजायला नको होतं असं वाटलं.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता, रिटर्नच्या वेळचा. बायको रोज म्हणायची, "फोन करा ना." मी करायचो नाही. विचारायचं तर एकच होतं, आणि त्याचं उत्तर 'नाही' असलं, तर त्यांनी ते मला सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना हेच फोन केले होते. आणखी एक कशाला?

सतराव्या दिवशी ऑफिसात जेवताना मोबाइल वाजला. बाईंचा निरोप. त्यात शब्द एकही नव्हता, फक्त एक फोटो. बोटीच्या फळीवर फाडलेलं पाकीट, मागे खाडीचं मातकट पाणी, आणि हातात कार्ड. नंबरावर त्यांनी शिस्तीत अंगठा ठेवला होता. नाव उघडं होतं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आडनावासकट. रिटर्नमध्ये मी ते दोनदा भरलं होतं, पण नीट वाचलं ते पहिल्यांदाच.