जवाई आला, मीठ आणा!

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाला न भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण कुंडीला भिणारा माणूस या दोन जिल्ह्यांत एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. मूलच्या रस्त्यावर वाघ आडवा बसला होता तेव्हा या गृहस्थांनी गाडी बंद केली, "बसू द्या त्याले, त्याचंबी गाव हाय," म्हणाले आणि निवांत तंबाखू मळला. मागे बसलेला मी मात्र त्यांच्या पाठीआड लपलो होतो. पण त्यांच्या फाटकातून कुणी जास्वंदाची कुंडी घेऊन आत पाऊल टाकू द्या! हातातला चहा सांडत धावतील, कुंडी फाटकाबाहेर ठेवायला लावतील, तिचं बूड पालथं करून बघतील, आणि मग पाहुण्याला विचारतील, "कसं काय येणं केलं?"

गाव त्यांना गांडूळभाऊ म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि ते 'ओ' देतात. बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात जन्म काढला, निवृत्त झाले आणि घरामागे गांडूळखताचे बेड घातले. लोक निवृत्तीनंतर नातवंडं खेळवतात, यांनी गांडुळं खेळवली. त्यांना ते 'लेकरं' म्हणतात. आता आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच ठाऊक. त्या उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर बेडांकडे तोंड करून चालायचा आणि सगळं घर बेडांपाशी येऊन बसायचं. वहिनी मला ऐकवायच्या, "पुढल्या जन्मी मले गांडूळच कर म्हणा, तवा तरी हे माणूस मले विचारन." गल्लीतून वरात निघाली की हे बँडवाल्यांना हात जोडून सांगत, "बाप्पा, हळू वाजवा, लेकरं दचकतात." बँडवाल्यांना वाटे, घरात बाळंतीण आहे. ते बिचारे ढोल काखेत मारून चालते व्हायचे.

असा हा सुखाचा संसार चालला असताना घात केला तो कुंडीनं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेली शोभेची कुंडी भाऊंनी मोठ्या मानानं बेडाशेजारी ठेवली होती. पावसाळ्यात लेकरं कमी व्हायला लागली. एका सकाळी ओलं पोतं उचललं तर खाली रिबिनीसारखा लांब, चपटा, पाठीवर काळी रेघ ओढलेला किडा. डोकं थेट फावड्यासारखं. भाऊंना वाटलं, सापाचं पिल्लू. विळा घेऊन त्यांनी त्याचे तुकडे केले आणि शूरवीरासारखे जेवायला बसले. काही दिवसांनी पोतं उचललं, तर प्रत्येक तुकड्याला नवं डोकं फुटलेलं, आणि एक तर चक्क एका लेकराला मिठी मारून त्याला गिळत बसलेला. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत, ही गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. डोळे पुसत होते ते.

कृषी केंद्रातल्या साहेबांनी फोटो बघून सांगितलं की हा चपटकृमी. कुंड्यांच्या मातीत बसून देशोदेशी फिरतो, गांडुळं खातो, कापला की वाढतो. उघड्या हातानं धरू नका, वर मीठ टाका. त्या दिवसापासून भाऊंच्या सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी आली. 'चपटकृमी' हा शब्द मात्र त्यांच्या जिभेवर बसेना. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'जवाई'. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाहा ना भाऊ, सजूनधजून येते, आपण त्याले मानानं बसवतो, पाणी देतो, अन् एक दिवस आपलंच लेकरू घेऊन जाते. जवाई नाई तर काय?"

बरं, माणूस पंचशील पाळणारा. आमच्या विहारात दर रविवारी सगळ्यांत मोठ्यानं 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीव मारणार नाही, असं म्हणणार, आणि खिशात ही पुडी. शेवटी मन खाऊ लागलं तेव्हा त्यांनी भन्तेजींना गाठलं.

"भन्ते, एक मारला तर शंभर वाचतात. मंग पाप लागते काय?"

"मारताना आनंद होतो का?" भन्तेजींनी विचारलं.

भाऊ खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "होते थोडासा."

"तेवढा कमी करा."

तेव्हापासून भाऊ जवायावर मीठ टाकताना मयतीला गेल्यासारखं तोंड करतात.

आता या माणसाला एकुलती एक मुलगी, आणि तिनं मन द्यावं ते कुणाला? चामोर्शीकडच्या एका नर्सरीवाल्याला! मुलगा गुणी, हसरा, पण आख्खा धंदा कुंड्यांचा. कांदेपोह्यांच्या दिवशी पोह्यांवर तर्री ओतून घरात सगळे रंगात आले होते. मुलाचे मामा दुसरी बशी घेत होते. मुलानं प्रेमानं आणलेली कुंडी तेवढी रिवाजाप्रमाणे फाटकाबाहेर होती, आणि राहवेना म्हणून भाऊ तिचं बूड बघायला गेले होते. एवढ्यात बाहेरून आरोळी आली,

"जवाई आला वं! मीठ आण! तोडू नका त्याले, तोडला तर दोन होतात! नुसतं मीठ टाकून मारा!"

घरात सगळ्यांचे चमचे रश्श्यातच बुडाले. मामांची बशी हातातच राहिली. "काऊन?" ते उठून उभे राहिले, "आमच्या पोरानं काय केलं काय?" वहिनींनी कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना म्हणून मी पाण्याचा पेला तोंडाला लावला, तर पाणी नाकातून बाहेर आलं.

मुलगा मात्र शांतपणे बाहेर गेला, कुंडीपाशी वाकला आणि म्हणाला, "हा होय? असे तर आमच्या इथी ओलीत लय निघतात, बाबा. आम्ही कुदळीनं तोडून फेकून देतो."

"तोडून?" भाऊ कुंडीपासून दोन पावलं मागे सरले. "तोडून अन् कुठी फेकता? आणि कुंड्या गावोगाव इकता? माह्या पोरीले त्या घरी? नाई. जमत नाई हे."

पाहुणे चपला शोधू लागले. तेव्हा मुलगी दारात आली. डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत. "बाबा, पह्यल्या वेळी तुमीबी विळ्यानं कापलाच होता ना? तुमाले कोणं घराबाहेर काढलं होतं काय? शिकलेच ना तुमी? मंग यायलेबी शिकवा," तिनं मुलाकडे बोट दाखवलं.

भाऊंनी मुलीकडे पाहिलं. मग मुलाकडे. मग मघाशी धांदलीत विसरलेली खिशातली पुडी काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या. टाकून दाखवा. अन् टाकताना हसू नका."

मुलानं मीठ टाकलं, अगदी सुतकी चेहऱ्यानं. लग्न ठरलं.

त्यानंतर भाऊंना एक आठवडाही घरी काढवेना. सकाळची एसटी पकडून चामोर्शी. सासुरवाडीला जावई जातो, इथे होणारा सासराच जावयाकडे. दोघांनी मिळून साऱ्या कुंड्या जमिनीवरून उचलून लोखंडी मांडण्यांवर चढवल्या, ओली पोती उन्हात टाकली, आणि गाडीत चढणारी प्रत्येक कुंडी आधी पालथी होऊ लागली. परत आले की मला सांगत, "पोरगं चांगलं हाय हो. मीठ बरोबर टाकते."

विहारात साधंसं छान लग्न झालं. निघताना मुलगी गाडीपाशी थबकली. "बाबा, मले ओंजळभर लेकरं द्या ना बेडातली. तिथी बेड घालतो मी."

भाऊ म्हणाले, "माती नाई देत तुले. मातीत काय जाईन, सांगता येत नाई." आणि आत गेले. मला राग आला, खरंच आला. लेक निघाली आणि हा माणूस मातीचा हिशेब मांडतो! पण ते परतले ते झाकणाला भोकं पाडलेला स्टीलचा डबा घेऊन. आत ओल्या कागदाच्या कातरणात गांडुळं. भल्या सकाळी, आम्ही सगळे मांडवात असताना, या माणसानं एकेक लेकरू घमेल्यात धुऊन काढलं होतं. "साफ हायत," एवढंच म्हणाले, आणि पुडी जावयाच्या हातात दिली. "हे आता तुमच्यापाशी."

गाडी वळेपर्यंत ते फाटकात उभे होते.

परवा गेलो तर भाऊ बेडांपाशी स्टुलावर बसले होते. कूलर चालू होता, पण आता दोन माणसांसाठी त्याचा वारा फार वाटत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय भाऊ, आजकाल जवाई दिसतो का कुठं?"

"कुठी दिसते!" ते म्हणाले. "किती दिवस झाले. पौर्णिमेले येतो म्हणे, पोरीले घेऊन."

मग उठले आणि फाटकाची कडी उघडून ठेवली.