बडनेऱ्याला थांबलेली गाडी

मी पोटासाठी जे लिहितो, ते माणसांनी वाचायचं नसतं.

नागपुरात, सदरमधल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला आहे. कुठली गाडी आत्ता कुठे पोचली, किती उशिरा आहे, हे शोधून देणारं टूल आम्ही बनवतो. मोबाइलमधल्या एआय एजंटांनी ते टूल कसं वापरायचं, याच्या सूचना मी लिहितो. ‘गाडीचा नंबर विचारा’, ‘अंदाजाने सांगू नका’ वगैरे. आईला हे समजावताना मला घाम फुटला होता.

“एजंट म्हणजे? विम्याचे?”

“नाही वं आई! ते माणसंच नाहीत.”

“मग विम्याचेच!” आई म्हणाली.

तर, माझ्या धाकट्या बहिणीचं, पिंकीचं, लग्न अकोल्याला झालं आणि तिच्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या. रेल्वेने, एकट्या. विहीणबाई, त्यातून निवृत्त शिक्षिका! (लग्नपत्रिकेतले चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी भर मांडवात दाखवले होते.) आईने पडद्यांपासून पायपुसण्यांपर्यंत सगळं घर धुऊन काढलं. मला एकच काम होतं : त्यांना स्टेशनवरून घेऊन येणे.

मी चपला घालत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, “गाडी टायमावर आहे का, पाह्यनं जरा.”

“आता पाहा तुझ्या पोराची करामत!” मी मोबाइल काढून विचारलं.

“गाडी बडनेऱ्याला थांबली आहे. दोन तास उशीर,” एजंट गोड आवाजात म्हणाला.

मी छाती फुगवून चपला काढल्या. आईने पाटवडीचा रस्सा गॅसवरून उतरवला. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारलं. गाडी बडनेऱ्याला, दोन तास उशीर. आणखी थोड्या वेळाने विचारलं. बडनेरा, दोन तास!

“हे गाडी काय बडनेऱ्यालेच सासरी गेली का गा?” आई वैतागली. मग तिला विहिणीची दया आली. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला.

“विहीणबाई, बडनेऱ्याले अडकल्या ना तुम्ही? घाबरू नका हं!”

“बडनेऱ्याले? मी तर नागपूरच्या स्टेशनवर कवाची बसून राहिली!”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. (तेच ते हसू! आठवलं की अजून कान गरम होतात.) आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणालो, “काकू, तुमची गल्लत झाली. ते बडनेरा आहे. जरा पाटी वाचा बरं.”

आईने फोन माझ्या तोंडापासून दूर ओढला.

“वाचली,” आवाज आला. “नला काना ना. ग. पला दुसरा उकार पू. र. जन्मभर पोरायले हेच शिकवलं भाऊ मी.”

चपला घातल्या की नाही आठवत नाही, पण मी ऑटोत होतो. ऑफिसातल्या मित्राला फोन केला, तर तो खो-खो हसत सुटला.

“अबे, टूलला आज खऱ्या गाड्यांची माहिती जोडलेलीच नाही! तुझ्या सूचनांमध्ये नमुन्याचं उत्तर आहे ना, तेच तो देऊन राहिला असंल.”

नमुना! तो लिहिताना समोर काकूंच्या तिकिटाचा फोटो होता, म्हणून गाडीचा नंबर मी त्यांचाच टाकला होता. बडनेरा आणि दोन तास उशीर मात्र माझ्या मनचा. (खरं वाटावं म्हणून!)

फोन ठेवतो तोच पिंकीचा. “दादा, तू माह्या सासूले पाटी वाचाले लावली? काहून? मले इथंच राहाचं आहे ना रे!” ती रडायच्या बेतात होती.

स्टेशनवर काकू बॅगेवर ताठ बसल्या होत्या. मी आधी पाया पडलो.

“काकू, एजंटाची चूक झाली.”

“कुठं आहे तो? बोलवा समोर.”

“तो मोबाइलमध्ये असतो. जे लिहिलेलं होतं, तेच त्याने सांगितलं.”

“मग त्याची काय चूक? लिहिलं कोणी?”

मी बॅग उचलली. (जड होती, पण त्या प्रश्नापेक्षा हलकी!)

घरी पाटवडी दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आईने सुटकेचा श्वास सोडला. पिंकीला मी लगेच मेसेज केला : रस्सा आवडला.

त्या परत निघाल्या तोवर टूलला खऱ्या गाड्या जोडल्या गेल्या होत्या. ‘हा फक्त नमुना आहे’ असं मी ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. एजंट म्हणाला, “गाडी गोंदियाला आहे. दीड तास उशीर.” मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, की या वेळी अगदी खरं आहे.

काकूंनी पर्स खांद्याला लावली. “चला.”

आम्ही दीड तास फलाटावर बसलो! गाडी एजंटाने सांगितलेल्या वेळीच आली. काकू खिडकीशी बसल्या, घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, “एजंट चांगला आहे हो तुमचा. लिहिणारा बदलला वाटते?”

“हो काकू,” मी म्हणालो, “बदलला.”