रानातला कूलर

आम्हा अकोल्याच्या लोकांची कूलरवर जितकी श्रद्धा आहे तितकी देवावरही नसेल. होळी झाली की घरोघरी कूलरचं गवत बदलतात, आणि मगच उन्हाळ्याला परवानगी मिळते.

मी मात्र धारणीकडच्या अभयारण्यात निसर्ग केंद्र बांधताना हट्टाला पेटलो होतो. मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, गरम हवा निघून जायला छताशी झरोके. एसी नाही, कूलर तर नाहीच नाही. माझा कंत्राटदार अकोल्यातल्या जठारपेठेतला, मनानं मोठा, पण या भिंतींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

वनखात्याचे मोठे साहेब ऐन मे महिन्यात पाहणीला येणार होते. उकडलं तर झरोके बुजवून एसी बसवायचा, असं त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं. झरोके बुजले असते तर माझ्या इमारतीत राहिलंच काय असतं?

त्या दुपारी मी हॉलमध्ये शिरलो तर समोर कूलर घरघरतोय.

"हे काय?"

"पाहुण्याले उकाड्यात बसवता काय भाऊ?" कंत्राटदार म्हणाला. " घरचा काढून आनला. तिकडं लेकरं घामानं भिजून राहिले."

मी बटणाकडे धावलो, तोवर साहेब आत आले. त्यांच्या मागोमाग मधमाश्या. मे महिन्याच्या कोरड्या रानात कुणी कूलरचं ओलं गवत मांडून बसलं तर त्या पाण्यावर येणारच! चावली एकही नाही, पण साहेबांनी रुबाब तिथंच सोडला आणि समोर दिसली त्या खोलीत शिरून दार लोटून घेतलं. ती आमची सामानाची खोली. भिंती त्याच, झरोकेही तसेच.

कूलर बाहेर नेला, तशा माश्याही गेल्या. आतून मात्र साहेबांचा आवाज नाही. आता आपलं काम गेलंच, असं धरून मी दार ढकललं. साहेब चुन्याच्या पोत्यांवर आडवे, तोंड उघडं, गाढ झोपलेले.

उठल्यावर त्यांनी ओशाळून पाणी मागितलं. मग मान वर करून छताशी असलेले झरोके न्याहाळले.

"झरोक्यांले हात लावू नका," ते म्हणाले. "अन् तो कूलर आधी घरी पाठवा."

मला आनंदानं रडूच आलं.

परतताना जीपमध्ये कंत्राटदार कूलरला कवटाळून बसला होता. "मी हा आनला नसता तं साहेब हॉलमंधी चहा पिऊन निंगून गेले असते. तुमच्या भिंतीत झोपले असते काय?"

घाट लागला तसा मीही कूलरला एका बाजूनं धरून बसलो. वळणांवर तो फार हलत होता.