अर्धी सडक उघडी

बायको गेली. घरात बोलायला कोणी राहिलं नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षर वाकडं येतं, त्याला इलाज नाही.

आम्ही दोघं सडकेच्या गँगमध्ये होतो. बऱ्हाणपूर ते इच्छापूर सडक दुरुस्त करायची होती. तिचे तुकडे पाडून एकेका गँगला एकेक दिलेला. आमचा तुकडा पार इच्छापूरच्या अंगाला. बाया खडी फोडायच्या, गडी पसरायचे, मागून रोलर येऊन दाबायचा. रीत ही अशी.

पण तेव्हा राज्यांची नवी वाटणी होऊन आमचा मुलुख नुकताच नागपूरकडून भोपाळकडे गेला होता. रोलरच्या कोळशाची मंजुरी नागपूरला मागितलेली. आता ती द्यायची कोणी, हे ना नागपूरला माहीत, ना भोपाळला. रोलर बऱ्हाणपुरात थंड उभा. त्यात मोठ्या साहेबाचा दौरा निघाला. मग प्रत्येक मुकादमाला वाटलं, आपला तुकडा दुसऱ्याच्या आधी तयार दिसला पाहिजे. सगळ्यांनी खडी पसरून टाकली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ज्याचं त्याचं काम पुरं झालं आणि सडक बंद पडली. मोकळ्या खडीवर बैल पाय टाकीना.

बायकोचे दिवस भरत आले होते. आमचं पहिलं मूल सडकेकडेच्या पालातच जन्मलं आणि पालातच गेलं. या खेपेला तिनं एकच मागितलं होतं: बाळंतपण बऱ्हाणपुरात, शनवाऱ्यात, आईच्या घरी. तिथं सुईण शेजारीच होती. रोलर फिरला की निघू, असं म्हणता म्हणता राहिलो, आणि एका सकाळी तिच्या पोटात कळ आली.

गाडी जुंपली. थोडं गेलो तर बैल अडखळायला लागले, चाक खडीत सरकायला लागलं. बाजूनं शेतातून जावं तर केळीला पाणी सोडलेलं, काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतली असती. बायको आतून ओरडली, "थांबवा! अहो, असे हिसके बसले तर इथंच होईल. मला याही लेकराला सडकेवर नाही ठेवायचं."

आमच्या गँगमधली एक मावशी खडी फोडत होती. तिनं हातोडी टाकली. "बघत काय उभे राहिले रे मुडद्यांनो? उचला फावडी!" सगळे धावले. एका बाजूची खडी ओढून दुसऱ्या बाजूला ढीग घातला. गाडीपुरती वाट झाली.

पुढचा तुकडा दुसऱ्या गँगचा. त्यांचा मुकादम आडवा आला. "माझ्या सडकेला हात लावायचा नाही. परवा साहेब येतो, त्याला काय ढीग दाखवू?"

मावशी म्हणाली, "तुझ्या सडकेवरून कुत्रं तरी जातं का, ते दाखव आधी."

तेवढ्यात ओव्हरसियर सायकल हातात धरून आला. नागपूरचा माणूस. आपण इथं राहणार की परत जाणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं.

"पहिलंच का?"

"दुसरं, साहेब. पहिलं गेलं," मी म्हणालो.

तो मुकादमाकडे वळला. "एका बाजूची उचला. मी सांगितलं म्हणा."

मग त्यानं सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. तिथं उभं राहून हुकूम सोडत बसला नाही. शेताच्या बांधानं सायकल ढकलत पुढं गेला आणि गँगमागून गँगला सांगत सुटला. आमची गाडी पोचायच्या आत पुढची वाट उघडी होत गेली. एवढी माणसं एका कामाला लागलेली मी त्या सडकेवर पहिल्यांदाच पाहिली. तोवर जो तो आपापला तुकडा पाहत होता.

बाया गाडीजवळ येऊन बायकोला पाणी देत, कपाळाचा घाम पुसत. एक म्हणाली, "पोरगा झाला तर नाव रोलर ठेव गं, त्याचीच वाट पाहत बसलो सारे." कळा सोसता सोसता बायको हसली. तिचं ते हसू आता फार आठवतं.

दिवस कलायच्या आत शनवाऱ्यात पोचलो. दिवेलागणीला मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. सासूनं मला दारातून दाखवली. आतून बायको म्हणाली, "इथं बसून काय करता? जा, त्या बायांना सांगा. घोर लागला असेल त्यांना."

सकाळी पायी निघालो. प्रत्येक गँगपाशी थांबून सांगत गेलो. कोणी हातावर गूळ ठेवला, कोणी नुसतं बरं झालं म्हणालं. ढीग तसेच एका बाजूला होते आणि मोकळ्या बाजूनं केळीच्या गाड्या चालल्या होत्या. आडवा आलेला मुकादम फावडं घेऊन उभा होता. त्याला म्हणालो, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आता पसरून टाक तुझी खडी."

त्यानं फावडं खांद्यावर टाकलं. "राहू दे भो अर्धी उघडी. लेकीला घेऊन वहिनी परत येईल, तेव्हा पुन्हा कोण उपसत बसेल?"