आत्याबाई आणि अख्खी टर्की

आत्याबाई मारायच्या. माणसांना तर मारायच्याच, पण वस्तूंनाही सोडायच्या नाहीत. टीव्हीचा रिमोट चालेना की त्याला मांडीवर दोन दणके. वॉशिंग मशीन थरथरायला लागलं की त्याच्या कुशीत एक लाथ. आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी टोस्टर निकालात काढला. ब्रेड वर येईना म्हणून उलटा धरून ओट्यावर आपटला होता. "हाणल्याबिगर कायबी चालत न्हाई बघ," म्हणायच्या. आणि टोस्टर सोडला तर बाकी सगळं त्यांच्या हाताखाली सुतासारखं चालायचं, हेही खरं.

त्या माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडे सासूला आत्या म्हणतात. दोन हजार वीसच्या सुरुवातीला त्या आमच्याकडे आयर्लंडात ॲथलोनला राहायला आल्या, उन्हाळ्यापर्यंत म्हणून, आणि मागोमाग विमानंच बंद झाली. व्हिसाची मुदत इथलं सरकारच वाढवत होतं. त्यामुळे "कवा जायाचं?" हा प्रश्न त्या रोज सकाळी विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पीठ तिंबायला घ्यायच्या. तिंबायला म्हणजे बडवायला. परात अशी दणाणायची की वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर बसलेला माझा नवरा संदीप खाली ओरडायचा, "आई, हळू!" मी औषधाच्या कारखान्यात कामाला. आम्हाला घरी बसून काम नव्हतं. मी पाळीला जायची तेव्हा घरात तो, आत्याबाई आणि आमची आठ वर्षांची अन्वी, एवढेच असायचे.

"माझी दोन्ही पोरं फुंकणीनं इंजिनेर झाली," हे वाक्य त्या पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगत. सासरे लवकर गेलेले, शेत भाऊबंदांनी दाबलेलं, दोन व्रात्य कार्टी पदरात. चुलीची लोखंडी फुंकणी घेऊन त्या पोरांना अभ्यासाला बसवत. थोरला आता न्यू जर्सीत होता, धाकटा माझ्या घरात. मी लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट ऐकून पोट धरून हसले होते. प्रेमसुद्धा त्या धपाट्यानंच करत. मी दमून आले की पाठीत एक सणसणीत हाणून "जेव की गं मुडद्या!" अन्वीचा गालगुच्चा असा घेत की पोरगी किंचाळे, "आज्जी, दॅट्स सोर!" मला आत्याबाई फार आवडायच्या. माझ्या आईनं मला कधी बोटही लावलं नाही, पण आईच्या हाताची मला आठवण येते ती याच बाईमुळे, हे कुणाला सांगून पटणार नाही.

डोक्याला तेल लावणं हाही एक हल्लाच असे. मला जमिनीवर बसवून, गुडघ्यांत माझे खांदे आवळून त्या टाळूवर थापा मारत. त्या ऑक्टोबरात अशाच थापा चालल्या होत्या आणि त्यांचा हात मध्येच थांबला. माझ्या कुडत्याचा गळा मागून सरकला होता.

"ह्ये काय?"

"प्रेसचं दार लागलं," मी म्हणाले. इथं भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि डॉक्टरला तेच सांगितलेलं असल्यामुळे माझ्या तोंडातही तेच आलं.

"दाराला पाच बोटं असत्यात व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. मग इतक्या हलक्या हातानं वेणी घातली की मला रडूच कोसळलं. त्या दिवसापासून संदीप खाली आला की त्या ज्या खोलीत मी असेन तिथं येऊन बसायच्या. भाजी निवडत. त्यांच्यापुढे त्याचा हात कधी उठला नव्हता.

नोव्हेंबरात संदीपनं थँक्सगिव्हिंगचा अमेरिकन सण काढला. आयर्लंडात त्या सणाचं कुणाला सोयरसुतक नाही, पण आम्ही आधी न्यू जर्सीत राहिलो होतो आणि दर वर्षी थोरल्या दिरांच्या टेबलावर पाहुण्यासारखे बसलो होतो. दीर टर्की कापणार, दीर सगळ्यांना काय काय साधलं ते सांगायला लावणार, आणि संदीप खाली मान घालून मॅश्ड पोटॅटो चिवडणार. या वर्षी आमचं टेबल न्यू जर्सीनं बघायचं होतं, व्हिडिओवर. टर्की अख्खी भाजलेली, सोनेरी, मधोमध. तीत तसूभर फरक झालेला त्याला चालणार नव्हता.

पण टर्की मिळेना. इथला खाटीक म्हणाला, टर्की नाताळात, आत्ता कुठली! पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. शेवटी हद्दीतल्याच एका शेतकऱ्यानं जिवंत पक्षी देऊ केला. संदीपनं तो गाडीतून आणला आणि खोक्यातला तो फडफडाट ऐकून बायकांच्या हवाली करून वर निघून गेला. आत्याबाईंचे डोळे मात्र असे लकाकले, जणू माहेरचं माणूस भेटलं. सामानातून नऊवारीत गुंडाळून आणलेली विळी त्यांनी परसात मांडली, पाटावर पाय रोवला, पंख गुडघ्याखाली दाबले. "धर की गं तंगडी! बघतीस काय?" मी धरली. एका ओढीत मान वेगळी झाली. रक्ताची चिळकांडी गवतावर, माझ्या बुटांवर, त्यांच्या चष्म्यावर. आणि ते बिनमुंडीचं धूड माझ्या हातून सुटून कुंपणावर जाऊन आदळलं. कुंपणापलीकडे आमचे शेजारी टॉमकाका उभे होते. एकटा राहणारा म्हातारा, तोंडातली सिगारेट तोंडातच. "फेअर प्ले टू यू, मिसेस," ते म्हणाले.

"काय म्हणतंय त्ये?"

"शाबास म्हणतायत."

"मग एक तंगडी दे त्येला. गुणी माणूस दिसतंय."

बाकीचा बेतही त्यांनी असाच झोडपला. क्रॅनबेरी चाखून म्हणाल्या, "करवंदं हायती, साखर कशापायी? मिरची वाट." पंपकिन पाय बघून, "घारगं बिघडलं की असं हुतं." स्टफिंगचं म्हणाल तर भरली वांगी त्यांनी ऐकली होती, भरली कोंबडी नव्हती. पण त्यांना खरा संताप आला तो अख्खी टर्की टेबलावर ठेवायची हे ऐकून. "अख्खं जनावर मधी ठिवायचं आन् भवतीनं बसून बघायचं? मढ्याभवती बसत्यात तसं?" मी विनवून सांगितलं, आत्या, यात हात घालू नका, त्याला अख्खीच हवीय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुला भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून घरात पाय टाकला तो खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाचा खमंग वास. टर्कीचे तुकडे झाले होते. निम्मे रश्शात रटरटत होते, छाती आणि तंगड्या परातीत पडल्या होत्या. "आतवर मीठ जाईना, म्हून तोडली," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. संदीप वर कॉलवर होता. मी वेड्यासारखी उरलेले तुकडे टूथपिकनं जोडायला बसले. अन्वी मला एकेक टूथपिक देत होती. छाती मधोमध, तंगड्या दोन्हीकडे, पंखांच्या जागी बटाटे, वर चकचकीत फॉइल. मी शिकलेली, कमावती बाई, आणि घाईघाईत एक टूथपिक माझ्याच बोटात खुपसून घेतली.

संध्याकाळी संदीप नवा शर्ट घालून खाली आला. लॅपटॉप टेबलावर. पडद्यावर दीर, जाऊबाई आणि त्यांची सोन्यासारखी टर्की. "दाखव की तुझी!" दीर म्हणाले. संदीपनं फॉइल उचललं. एक तंगडी हळूच कलंडली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. मागोमाग बटाटा.

"अरे, हिचा ॲक्सिडेंट झाला काय?" दीर खदखदून हसले. संदीपही हसला. हसत हसतच "वन मिनिट" म्हणाला, माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

आत्याबाई मागोमाग आल्या. "मी तोडली. तिला काय इचारतूस? मी तोडली म्हणतीया न्हवं!"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

क्रॅनबेरीचा काचेचा बाऊल माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. मग हात आला. मी डोळे मिटले. फाटकन आवाज झाला, पण मला काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर आत्याबाई माझ्यापुढे उभ्या. चष्मा फरशीवर, गालाच्या हाडावर त्याच्या अंगठीचा वळ, त्यातून रक्त.

त्यांचा उजवा हात वर गेला. आता हा उभा फुटतोय, मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण तो सहा फुटी गडी गुडघ्यांत वाकला आणि दोन्ही हात त्यानं डोक्यावर घेतले, शाळकरी पोरासारखे. आत्याबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हात खाली आला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी हाणलं की फिटंल. घरातल्या घरात फिटंल, आन् उद्या पुन्यांदा हायच. तोडली मी, आन् हात तिच्यावर! मला काय समजना व्हय रं?"

बाहेर लॅपटॉपवरून "हॅलो? आई? काय झालं?" असं ऐकू येत होतं. मग तिकडूनच कॉल बंद झाला. आत्याबाई मला म्हणाल्या, "पोलिसाला फोन लाव." मी जागची हलले नाही. तशा त्या अनवाणी बाहेर पडल्या आणि टॉमकाकांचं दार मुठींनी बडवायला लागल्या. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. दार उघडल्यावर त्यांनी फक्त गाल पुढे केला आणि आमच्या घराकडे बोट दाखवलं. म्हातारा काही न विचारता फोनकडे वळला.

इथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात. दोघं आले. त्यातली एक तरुण मुलगी होती, मास्कवरून नुसते डोळे दिसणारी. आत्याबाई तिच्यापुढे ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "माज्या ल्योकानं मला मारलं. ही त्येची बायकू. हिला त्यो नेमानं मारतो. पोरगी बघत असती." गार्डानं माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतायत त्या? संदीप दारात उभा होता, हाताची घडी घालून, अगदी सभ्य. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, की टर्कीवरून जरा वाद झाला, म्हातारं माणूस आहे, पाय घसरून पडल्या.

"दॅट्स नॉट व्हॉट शी सेड," अन्वी म्हणाली.

सोफ्यामागून आली होती. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र नाही. तिनं आजीचा हात धरला आणि तिचं वाक्य न् वाक्य इंग्रजीत सांगितलं, शाळेत कविता म्हणतात तसं, आयरिश हेल काढून. नेमानं मारतो, तेही. पोरगी बघत असती म्हणजे मी, तेही. गार्डा खाली वाकून तिला म्हणाली, "यू आर ग्रँड, पेट," म्हणजे काही काळजी नको, बाळा, आणि तिला टॉमकाकांकडे बसायला पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, हे खरं आहे का? अहो, आठ वर्षांच्या पोरीनं सांगून टाकल्यावर मी आणखी काय झाकणार होते? "यस," मी म्हणाले. आणि मग मला बोलणं थांबवताच येईना.

संदीपला ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दिरांचा फोन आला. "आई, आमचं नेट गेलं होतं काल."

"तुजं न्येट गेलं. माजा ल्योक गेला," आत्याबाई म्हणाल्या. त्यावर दीर ओरडत सुटले. पोलिस? आपल्या घरात? गावात तोंड कसं दाखवणार? आत्याबाईंनी फोन हातभर लांब धरून सगळं ऐकून घेतलं.

कोर्टात दुभाष्या होता. न्यायाधीशांनी विचारलं ते आत्याबाईंनी सांगितलं आणि न विचारलेलंही सांगितलं. "हात उगारायला मीच शिकिवलं त्येला. फुंकणीनं. आता थांबवायचं मला जमंना. तुमी थांबवा." संदीप समोरच बसला होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. त्याला आमच्या घरात यायला बंदी झाली. तो दूर ड्रोहेडा गावात राहायला गेला. माझी आणि अन्वीची सुटका झाली, आणि त्या सुटकेची किंमत आत्याबाईंनी मोजली. त्यांच्याशी तो पुन्हा बोलला नाही. त्या दर रविवारी त्याला फोन लावायच्या, पूर्ण वाजू द्यायच्या आणि मुकाट स्वयंपाकाला लागायच्या. मला एकदाही बोल लावला नाही. मीच कधी रडायला लागले तर म्हणायच्या, "तुजं काय गेलं गं? गप."

पुढच्या वर्षी गावाकडचा पावसाळा सरता सरता त्यांना तिकीट मिळालं. डब्लिन विमानतळाच्या आत प्रवाशांखेरीज कुणाला सोडत नव्हते, म्हणून निरोप बाहेर फुटपाथवरच. मी संदीपला मेसेज केला होता, आई जातेय, तुला तिला भेटायला काही बंदी नाही. अन्वी आजीच्या कमरेला मिठी मारून उभी होती. व्हीलचेअर घेऊन आलेला माणूस दोनदा घड्याळाकडे बघून गेला, आणि आत्याबाई येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावून बघत होत्या.

"यील का गं त्यो?"

उत्तर माझ्या फोनवर केव्हाच येऊन पडलं होतं. ट्रॅफिक आहे, वाटेत आहे, काहीही सांगता आलं असतं. ती बाई तेवढ्याच आशेवर विमानात बसली असती.

"नाही, आत्या," मी म्हणाले. "येत नाही म्हणालाय."

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, मास्क वर ओढला आणि खुर्चीत बसल्या. आत जाताना एकदा मागे वळून पाहिलं. आमच्याकडे नाही, रस्त्याकडे. मला त्याचं काही वाटलं नाही. आम्हाला त्यांनी वाचवलं होतं, पण आई त्या त्याची होत्या.