आठवं छप्पर

कितीही उतरतं छप्पर असो, हा गडी त्यावर अंगणात फिरावं तसा फिरायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत. पत्रे बसवण्याचा धंदा त्याचा. बायको गाळ्यात बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. कामगारांची ती वहिनी. बोक्याला दर विचारला की तो मान वर करून छपराकडे बघायचा आणि तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळा व्हायचा. कामाला तोटा नव्हता, पण महिनाअखेरीला हात रिकामेच. हे काय गौडबंगाल आहे ते एकदाचं बघूच, म्हणून वहिनी एका दुपारी हिशोबाला बसली.

काम असो नसो, जायचेच असे खर्च तिने एका बाजूला मांडले. गाळ्याचं भाडं, टेम्पोचा हप्ता आणि खुंट्याचा पगार. खुंटा म्हणजे दोर धरणारा म्हातारा. गुडघे गेल्यामुळे त्याचं वर चढणं सुटलं होतं. बोक्याच्या कमरेचा दोर आढ्यावरून पलीकडे उतरवायचा, त्याचा वेढा आपल्या कमरेला घ्यायचा आणि बोका सरकेल तशी ढील द्यायची, एवढंच त्याचं काम. बोलणं नाही, हलणं नाही, म्हणून खुंटा. मग एका छपरामागे पत्रे, स्क्रू, मजुरी जाऊन काय उरतं तेही तिने काढलं. शेवटी भागाकार केला. महिन्याला आठ छपरं झाली तर नुसता खर्च निघत होता. कमाई काय ती नवव्यापासून. आणि यांची होत होती जेमतेम सात. आता बोला!

"तुमची मजुरी कुठे मांडू?" तिने विचारलं.

"घरच्या माणसाला कसली मजुरी?" बोका हसला. मग त्याचं बोट कागदावर खाली येत खुंट्यापाशी थांबलं. "हा काढला तर?"

तिने काढून पाहिला. बरोबर सात. नको म्हणायला तिची जीभ रेटेना. हप्ता थकला तर टेम्पो जाणार आणि टेम्पो गेला की धंदा बसलाच. खुंट्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. म्हातारा बरं म्हणाला, दोर नीट गुंडाळून टेम्पोत ठेवला आणि घरी गेला.

दोर टाकीला, धुराड्याला, सापडेल त्याला बांधीन असं बोका म्हणाला होता. तरी वहिनीच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. फोन वाजला की बोका पडल्याचाच निरोप असेल, असं तिला वाटायचं. वारा सुटला की ती उगाच दारात येऊन उभी राहायची. सांगणार तरी कुणाला? आकडा तिचाच होता.

एकदा स्क्रूची पिशवी गाळ्यातच राहिली. ती द्यायला वहिनी कामावर गेली, तर दोर टेम्पोत गुंडाळलेला तसाच, आणि बोका वर मोकळा. तेवढ्यात त्याच्या हातातल्या पत्र्यात वारा भरला. पत्रा उडाला, बोका घसरला. त्याची टाच पन्हळीला अडकली. पन्हळ वाकली, पण तुटली नाही.

खाली येऊन तो हसला. दोर का नाही बांधला, असं तिने विचारलं.

"दर चार पावलांना सोडा-बांधा करत बसलो तर सात कशी होणार? तूच सांगितलंस ना, सात."

वहिनीला रडूच फुटलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही पडलात तर वर चढायला दुसरा माणूस आणावा लागेल. त्याची मजुरी मी मांडलीच नाही. ती मांडली की आठही पुरत नाहीत, अकरा लागतात."

"अकरा कुठून आणू?"

"नका आणू. दर वाढवू."

गिऱ्हाईक पळेल, असं तो पुटपुटला. पळू दे, म्हणाली ती, आणि तशीच खुंट्याच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दोर म्हाताऱ्याच्या कमरेला होता. वहिनीने गाळ्यातून फोनवर दोन गिऱ्हाइकांना नवा दर सांगितला. दोघंही म्हणाले, विचार करून कळवतो. हप्त्याची तारीख तोंडावर आलेली, फोन मुका, आणि भीतीने तिला जेवण जाईना. पण आज कितीतरी दिवसांनी ती फोन वाजावा म्हणून वाट बघत होती.