ऐकायचा तास

तांबोळी बाई गेल्याचा फोन सोलापूरहून सकाळी आला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर शोकसभा ठेवली. आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू, असं हेडसरांनी सांगितलं. पण मागची पोरं काही गप्प होईनात, म्हणून खेळाच्या सरांनी सवयीनं शिट्टी मारली. आणि सगळी शाळा एकदम खाली झोपली. पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं-मुली, मैदानाच्या धुळीत, पालथी, एक कान जमिनीला लावून. हेडसर नुकतेच बदलून आलेले, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अरे उठा, हे काय चाललंय?” असं ते म्हणत राहिले, पण एक पोर हललं नाही. शिट्टी वाजली की जमिनीला कान लावायचा आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा, हे बाईंनी त्यांच्या अंगात मुरवलं होतं. मी मात्र उभाच राहिलो. माझे गुडघे आता खाली बसायचं नाव घेत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी खाली गेलो असतो तर परत उठायची इच्छा झाली नसती.

आमचं गाव उमरगा तालुक्यातलं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. भूकंप म्हटला की इकडं किल्लारीचाच. कोणता, असं कुणी विचारत नाही. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी, आणि आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजांनी माझी नोकरीची वर्षं खाल्ली असं मी सगळ्यांना सांगायचो. पत्र्याच्या ट्रेमध्ये गोट्या पसरायच्या, वर पाट ठेवायचा, पाटावर पोरांनी खडे आणि चिखल घेऊन घरं बांधायची आणि मग तो पाट गदागदा हलवायचा. दोन अंगांची जाड भिंत मधून फाटून कशी बाहेर कोसळते, आणि तिच्यात आरपार जाणारे लांब दगड घातले तर कशी टिकते, हे पोरं स्वतःच्या हातांनी बघायची. पाऊसकाळ आला की विजेचा धडा. सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकायला सगळं घर रानात धावतं, म्हणून बाई मैदानात पोरांना पळवायच्या आणि मध्येच “वीज!” असं ओरडून टाचा जुळवून उकिडवं बसायला लावायच्या. तपासणीला आलेले साहेब लोक त्या हलत्या पाटावर खूश असायचे. फोटो काढायचे, पोराच्या डोक्यावर हात ठेवून परत काढायचे.

पण बाईंचा खरा जीव होता तो ऐकायच्या तासावर, आणि त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं, कारण शांततेचा फोटो येत नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात बाकं, पोती, वाकळा असा ढीग रचायचा. त्याखाली एक पोर, हातात खिचडीची ताटली आणि चमचा. बाकीच्यांनी आधी भरपूर गोंधळ घालायचा, रडायचं, हाका मारायच्या. मग शिट्टी. त्याबरोबर सगळे खाली, फरशीला कान. आतल्या पोरानं तीनदा वाजवायचं, थांबायचं, परत तीनदा. “ओरडायचं नाही,” बाई सांगायच्या, “धुळीनं घसा बंद होतो. वाजवायचं. आणि बाहेरच्यांनी गप्प बसायचं. सगळ्यांनी, एकदम. एक जरी बोलला तरी फुकट.” त्यासाठी पंखा बंद, व्हरांड्यातला झाडू बंद, आणि भिंतीपलीकडचा मीही बंद. कवितेची अर्धी ओळ तोंडात, आणि दारात बाई, ओठांवर बोट ठेवून! “तौबा सर, तुमचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकर. दोन मिनिटं थांबा की.” मी चिडायचो आणि थांबायचो. माझ्या कितीतरी कविता त्या दोन मिनिटांत लटकून राहिल्या.

एवढा हट्ट कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मुरुमच्या बाजारातून आम्ही एका टमटममधून परत येत होतो, आणि ती वाटेत बंद पडली, तेव्हा. भूकंप झाला तेव्हा बाई चौथीत होत्या. वडील आधीच वारलेले. जुन्या गावातल्या घरात त्या आणि धाकटा भाऊ मुन्ना एका खोलीत झोपलेले, आणि डोक्यावरच्या माळवदाची सगळी माती अंगावर आली. बाई ओरडत राहिल्या, घसा गेला. मुन्नाच्या हाताला उशाजवळचा पाण्याचा तांब्या लागला होता. तो दगडावर वाजवत होता. लोकांनी बाईंना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द निघेना. त्या ढिगाकडं बोट दाखवत होत्या, आणि लोक म्हणत होते, पोर घाबरलीय, जीपमध्ये घाला. “सर, मला आवाज येत होता. तो वाजवत होता… पण भोवती एवढी रडारड, एवढा आरडाओरडा की दुसऱ्या कुणाला ऐकूच येईना.” जीप सुटली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आपण सगळे म्हणतो तेच म्हणालो, की बाई, अशा वेळी कोण गप्प बसणार? माणसाच्या हातात असतं का ते? त्या म्हणाल्या, “व्हय सर. सगळे असंच म्हणतात. तेवढ्यावरच तर जगले.”

मग दोन वर्षांपूर्वीचा परतीचा पाऊस आला. शाळेमागं, नवं गाव वसायच्या आधीची, दगडमातीची चार-दोन जुनी घरं अजून उभी आहेत, त्यातलं भागाबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं घर भरदुपारी बसलं. आम्ही पोचलो तोवर निम्मं गाव जमलेलं. बायका ऊर बडवत होत्या, कुणी नावानं हाका मारत होतं, कुणी ट्रॅक्टर आणून तो चालू ठेवून उभा, आणि जो तो दुसऱ्याला सांगत होता की काय करायला पाहिजे. बाईंनी शिट्टी मारली. मागून आलेली आमची पोरं तशीच चिखलात आडवी झाली, गणवेशासकट. लोक बघतच राहिले. मग कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला. बायकांचे पदर तोंडात गेले. आणि ते सगळं गाव… गप्प झालं. पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आणि मग आतून, डाव्या अंगानं, टण. टण. पोरांनी हात वर केले, सगळ्यांचे एकाच दिशेला. माणसं तुटून पडली, दगड हातोहात निघाले, आणि आतून निघाली ती बादलीत पाय अडकलेली एक शेळी. तेवढ्यात बाजाराची पिशवी काखेत मारून भागाबाई रस्त्यानं येताना दिसल्या आणि लांबूनच म्हणाल्या, “कोण गेलं गं बायांनो माझ्या दारात?”

गाव हसून हसून बेजार झालं. मीही. परतताना मी बाईंना म्हणालो, “इतकी वर्षं घसा कोरडा केलात, आणि पास कोण झाली, तर शेळी!” बाई हसल्या नाहीत. शाळेच्या हातपंपावर पाय धूत उभ्या होत्या, तिथंच थांबल्या. “सर, गाव गप्प बसलं. तुम्ही बघितलंत ना? एवढी माणसं, एकदम गप्प…” मी म्हणालो, बघितलं की. आनंदच आहे. “म्हणजे बसता येत होतं,” त्या म्हणाल्या. “तवाही बसता आलं असतं.” पंपाचं पाणी थांबलं तरी त्या तशाच उभ्या होत्या. मला तेव्हा कळलं की माणसाच्या हातात नसतं या एका वाक्याच्या आधारानं ही बाई इतकी वर्षं उभी होती, आणि आज तिच्याच धड्यानं ते वाक्य तिच्याकडून काढून घेतलं. त्यानंतरही त्या ऐकायचा तास घ्यायच्या, पण तास संपला की खुर्चीवर बसून राहायच्या. दमल्यासारख्या. पुढं आजार आला, सोलापूरच्या खेपा सुरू झाल्या. दमणूक आधीची की आजाराची, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. पुनर्वसनात मिळालेल्या दोन खोल्या. तिथं त्या आणि त्यांच्या अम्मी, दोघीच राहत. लग्नाचं कुणी काढलं की बाई म्हणायच्या, अम्मीला कोण बघंल? आता अम्मी एकट्या. उकाडा मरणाचा, तरी पंखा बंद. मी बटणाकडं हात नेला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. चहा ठेवला तोही आवाज न करता. पाहुण्यांची तक्रार माझ्या कानावर आलेली होती, की म्हातारी पोरीसाठी रडली नाही, एक टिपूस काढलं नाही. म्हणून मी आपलं म्हणालो, “अम्मी, रडून मोकळं व्हा. मनात ठेवू नका.”



“तवा लई रडले सर म्या,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी म्या भाईर बाजंवर व्हते, म्हणून वाचले. साऱ्या गावात माझाच आवाज मोठा. ऊर बडवत व्हते, आन् पोरगं आत वाजवत व्हतं…” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “हिनं मला कवा सांगितलं न्हाय. मला वाईट वाटंल म्हणून. पर तुमची लेकरं सुट्टीत माझ्याच दारात खेळायची ती, ताटली घेऊन. एक आत, एक भाईर रडायला. मला कळंना व्हय?”

मी कप हळूच खाली ठेवला.

“जनाजा दारातनं निघाला तवा बी म्या गप. बाया म्हणल्या, काळीज न्हाय हिला. म्या कान देऊन व्हते, सर. रडाय लागले, आन् आतनं तिनं काय वाजवलं, तर?”

बाहेर गल्लीतून एक टमटम गेली. तिचा आवाज जाईपर्यंत अम्मी थांबल्या, आणि मग पुन्हा ऐकू लागल्या.